‘तव्हा मी वावरात होतो’: आठवण इतकी पक्की, तरी तपशील का चुकतो?

३० जानेवारीला सकाळी १०:५९ ला तहसिलीचा भोंगा वाजतो. शाळेत पोरं उभी राहतात, दोन मिनिटं सगळं चिडीचूप, ११:०२ ला पुन्हा भोंगा, आणि पोरं वर्गात. मग चौथीतलं एखादं पोरगं विचारतं, “गुरुजी, गांधीजींना अकरा वाजता मारलं का?”

प्रश्न बावळट नाही. दर वर्षी अकराला उभं राहणाऱ्याला दुसरं काय वाटणार? १९४८ साली गोळ्या झाडल्या गेल्या त्या संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी, दिल्लीच्या बिर्ला भवनात, प्रार्थनेला जाताना. अकराची वेळ सरकारी सोयीची. पण त्या पोराच्या डोक्यात जे झालं तेच पंच्याऐंशी पार केलेल्या आबाजींच्या डोक्यातही होत असतं. त्यांनी तो दिवस जगलेला आहे, तरी नंतर वाजलेले भोंगे त्यांच्या आठवणीत शिरलेले असतात. आणि कुठला आवाज त्या दिवसाचा, कुठला नंतरचा, हे त्यांचं त्यांनाही वेगळं काढता येत नाही.

हल्ली शाळेच्या प्रकल्पासाठी, ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेसाठी किंवा नुसतं घरातलं माणूस जायच्या आधी म्हणून पोरं मोबाइल घेऊन म्हाताऱ्यांपुढे बसतात. “इंदिरा गांधी गेल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?” असे प्रश्न विचारले जातात, उत्तरं मिळतात आणि बहुतेक वेळा ती जशीच्या तशी छापली जातात. छापायला हरकत नाही, पण ही आठवण काय चीज आहे ते आधी समजून घेतलेलं बरं.

फ्लॅश-आठवण म्हणजे काय

जुन्या फोटो स्टुडिओत कॅमेऱ्याला एक बल्ब लावत. एकदाच पेटायचा, लख्ख उजेड पडायचा आणि बल्ब वाया जायचा. त्या उजेडात चेहऱ्याबरोबर मागचा पडदा, खुर्चीचा तुटका पाय, कोपऱ्यातली चप्पल, सगळंच टिपलं जायचं. अचानक आलेल्या वाईट बातमीचं तसंच होतं. बातमी लक्षात राहतेच, पण हातात विळा होता की चहाचा कप, सांगणारा कोण, उन्हं कुठवर आली होती, हेही राहतं. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये हिला ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ हे नाव दिलं. आपण फ्लॅश-आठवण म्हणू.

नाव नवीन, निरीक्षण जुनं. अब्राहम लिंकन यांचा खून १८६५ चा. त्यानंतर ३३-३४ वर्षांनी कोलग्रोव्ह नावाच्या अभ्यासकाने १७९ जणांना विचारलं, बातमी ऐकली तेव्हा कुठं होता? १२७ जणांनी जागा आणि काम दोन्ही सांगितलं. १८९९ मध्ये ते छापून आलं. ते खरं की खोटं, हे पडताळायला काही नव्हतं.

ब्राउन-कुलिक यांना दिसलं की अशा आठवणीत बहुधा सहा गोष्टी येतात: जागा कोणती, काय चाललं होतं, कोणी सांगितलं, स्वतःला काय वाटलं, आजूबाजूच्यांचं काय झालं आणि त्यानंतर लगेच काय केलं. हे सहा लक्षात ठेवा, रेकॉर्डिंगला बसताना लागतील.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्या गावांसाठी जास्त महत्त्वाची. त्यांनी ४० गोऱ्या आणि ४० काळ्या अमेरिकनांना वेगवेगळ्या हत्यांबद्दल विचारलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६८ मधल्या हत्येची फ्लॅश-आठवण काळ्यांपैकी ७५ टक्क्यांना होती, गोऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना. देश एक, बातमी एक, पण बल्ब कुणाच्या घरात पेटला हे वेगळं.

विदर्भात हे पाहायला लांब जावं लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. खेड्याखेड्यांतून लोक रेल्वेनं, बंड्या जुंपून, पायी गेले. अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब दिल्लीत गेले. ज्या वस्तीतली माणसं नुकतीच दीक्षा घेऊन आली होती तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या सकाळच्या चुलीपर्यंत सांगतील. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याच वयाच्या माणसाला विचारा, “हो, गेले होते म्हणून ऐकलं,” एवढ्यावर भागतं. त्याची स्मरणशक्ती कमी नाही. त्या दिवशी त्याच्या घरातलं काही हललं नव्हतं, एवढंच. म्हणून ‘गावाची आठवण’ घ्यायची तर एकाच आळीत फिरून चालत नाही.

ओली पांदण आणि चाकोरी

धक्का बसला की शरीर ॲड्रेनलिन सोडतं: छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं. मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डाला. भीती, संताप, शोक यांची पहिली नोंद तिथं होते. त्याला चिकटूनच हिप्पोकॅम्पस असतो, नव्या आठवणी रचणारा. अमिग्डाला खवळला की तो हिप्पोकॅम्पसला जणू सांगतो, हे नीट ठेव, पुढं जिवाला उपयोगी पडेल.

काळ्या मातीची पांदण आठवा. उन्हाळ्यात बंडी गेली तर नुसती धूळ उडते, चाकाची खूण संध्याकाळपर्यंत राहत नाही. पावसात गेली तर चाक वीतभर रुततं. मग ऊन पडतं, चिखल वाळतो आणि ती चाकोरी दगडासारखी होते. पुढची प्रत्येक बंडी तिच्यातूनच जाते. धक्क्याच्या दिवशी मेंदूची माती ओली असते. म्हणूनच ती खूण राहते, आणि मागल्या मंगळवारी काय जेवलो ते राहत नाही.

मात्र पांदण ओली असताना दुसरी बंडीही त्याच चिखलातून गेली तर? पहिल्या चार-आठ दिवसांत शेजारी येऊन सांगतो, पेपर येतो, टीव्हीवर तेच-तेच दाखवतात, पारावर चर्चा होते. सगळी चाकं त्याच चिखलात. वाळल्यावर जी चाकोरी उरते ती फक्त तुमच्या बंडीची नसते.

सातबारा, पण फेरफार क्रमांकाशिवाय

आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो, काढला-पाहिला-ठेवला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती सातबाऱ्यासारखी असते. काढली की नवा उतारा निघतो आणि मध्ये झालेले फेरफार त्यात चढलेले असतात. तलाठ्याकडे निदान फेरफार क्रमांक सापडतो, कोणी कधी काय बदललं ते मागं जाऊन पाहता येतं. मेंदू ते रजिस्टर ठेवत नाही. शेवटचा उतारा हाच मूळ म्हणून हातात देतो.

हे मोजून पाहिलं गेलं ते २८ जानेवारी १९८६ नंतर. अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्यावर सव्वा मिनिटात आकाशात फुटलं, सातही अंतराळवीर गेले. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच सकाळी वर्गातल्या १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कशी कळली, कुठं होता, कोण होतं. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न दिले. सातपैकी गुण ठेवले होते. सरासरी तीनसुद्धा भरली नाही. पूर्ण सात मिळाले फक्त तिघांना. ११ जणांचं तर एकही उत्तर आपल्याच जुन्या कागदाशी जुळलं नाही, पण खात्री विचारली तर भरपूर होती. त्यांना त्यांच्याच अक्षरातला कागद दाखवला. अक्षर माझं आहे हे कबूल, पण झालं असं नव्हतं, मला आता आठवतं तेच बरोबर, असा सूर.

पुढं २००१ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या: एक हल्ल्याची, दुसरी त्याच सुमाराची एखादी साधी, पार्टीबिर्टीची. ३२ आठवड्यांपर्यंत तपासत गेले. दोन्ही आठवणी सारख्याच वेगाने ढासळल्या. फरक एकच निघाला. साध्या आठवणीबद्दलचा विश्वास कमी होत गेला, हल्ल्याच्या आठवणीबद्दलचा झाला नाही. म्हणजे धक्का आठवणीला जितकी खात्री देतो तितकी अचूकता देत नाही. सगळ्या विषयाचं मर्म या एका निष्कर्षात आहे, बाकी तपशील.

दहा वर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात असंही दिसलं की सगळ्यांत जास्त पडझड पहिल्या वर्षात होते. नंतर गोष्ट स्थिर होते, चुका धरून स्थिर होते. चाकोरी वाळते ती अशी. तेव्हा “ते चाळीस वर्षं एकच सांगताहेत, शब्द इकडचा तिकडे नाही” हा पुरावा वाटतो तेवढा भक्कम नाही. पहिल्या वर्षानंतर तीच चूकही चाळीस वर्षं शब्द न हलता सांगता येते.

एक साक्ष उलगडून पाहू

खालची साक्ष नमुन्यासाठी रचलेली आहे, पण हिच्यासारखी उत्तरं कुठल्याही गावात मिळतील. दिवस ३१ ऑक्टोबर १९८४.

“तव्हा मी वावरात होतो. सोयाबीन सोंगनं चालू होतं. सकायी धा वाजता रेडूनं सांगतलं का इंदिरा गांधी गेल्या. बाजाराचा दिवस होता, पन बाजार उठला. मंग टीव्हीवर पायलं, लोकायची मोठी रांग होती.”

सोयाबीनपासून सुरू करू. आज विदर्भात ऑक्टोबर म्हटलं की सोयाबीनच डोळ्यांपुढं येतं, पण ते इथं खऱ्या अर्थानं पसरलं नव्वदच्या दशकात. १९८४ च्या ऑक्टोबर अखेरीस वावरात असायची पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि ज्वारी. सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून पहिली वेचणी सुरू झालेली किंवा होऊ घातलेली. म्हणजे ‘वावरात होतो’ हे बहुधा खरं, पीक मागाहून बदललं. नंतरच्या तीस ऑक्टोबरांनी आपलं पीक जुन्या वावरात पेरलं.

मग वेळ. गोळ्या झाडल्या गेल्या सकाळी सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास. बीबीसीनं दिवसा निधनाचं सांगितलं, पण आकाशवाणीनं अधिकृत घोषणा केली ती संध्याकाळी. सकाळी दहाला आपल्या रेडिओवर ‘गेल्या’ हे ऐकणं शक्य नाही. तीन शक्यता उरतात: दुपारी कोणी बीबीसी लावणाऱ्यानं सांगितलं, ‘गोळ्या घातल्या’ ही कुणकुण आधी आली आणि ‘गेल्या’ नंतर कळलं, किंवा हल्ला सकाळी झाला हे पुढं वाचलं आणि ऐकल्याची वेळ त्याला जुळवून घेतली. कुठली खरी, हे एका साक्षीवरून ठरत नाही. गावातल्या आणखी तिघांना वेगवेगळं विचारा, ठरेल.

बाजाराचं तपासणं सगळ्यांत सोपं. आठवडी बाजाराचा वार पिढ्यान् पिढ्या तोच असतो. ३१ ऑक्टोबर १९८४ हा बुधवार होता. त्या गावचा बाजार बुधवारचा असेल तर साक्षीला मोठा टेकू मिळाला. रविवारचा असेल तर बाजार उठला तो दुसऱ्याच कुठल्या तारखेचा, किंवा दुसऱ्याच गावचा.

राहिला टीव्ही. रांगा आणि अंत्यसंस्कार दूरदर्शननं दाखवले. अंत्यसंस्कार झाले ३ नोव्हेंबरला. त्या काळी गावात टीव्ही असलाच तर एखादा, पाटलाच्या किंवा मास्तरच्या घरी, आणि त्याच्यापुढं अख्खी आळी. तेव्हा हे पाहिलेलं खरं असू शकतं, फक्त ते त्या दिवशीचं नाही. चार दिवस एका दिवसात घातले गेले.

या चार तपशिलांतला एकही पूर्ण खोटा नाही आणि एकही न तपासता जसाच्या तसा खरा मानता येत नाही.

‘म्हणजे म्हातारे खोटं बोलतात म्हणा ना!’

नाही. खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं. इथं सांगणारा त्याच्यापुढं जे चित्र उभं आहे तेच प्रामाणिकपणे सांगतो. आणि हे वयाचंही नाही. चॅलेंजरच्या वेळी गडबडलेले सगळे कॉलेजातली पोरं होती.

खुद्द नायसरचंच पाहा. ७ डिसेंबर १९४१ ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला. नायसरला पक्कं आठवत होतं की तो रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत होता आणि मॅच थांबवून बातमी आली. कित्येक वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की डिसेंबरात अमेरिकेत बेसबॉल खेळतच नाहीत. जानेवारीत पोळा भरल्यासारखं झालं ते. त्यानं स्वतःच हे चुकीच्या आठवणीचं उदाहरण म्हणून लिहिलं. मग इतर संशोधकांनी जुनी नोंद काढली: त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन फुटबॉलची मॅच होती आणि संघांची नावं होती जायंट्स आणि डॉजर्स, जी तिथल्या बेसबॉल संघांचीही होती. म्हणजे मॅच खरी, रेडिओ खरा, खेळ तेवढा बदललेला.

म्हणून चूक सापडली की साक्ष फेकून द्यायची घाई करू नये. सोयाबीनच्या खाली पऱ्हाटी असते.

‘आम्ही तर भोगलंय, नुसतं ऐकलं नाही’

हा आक्षेप खरा आहे आणि अभ्यासही त्याच्याच बाजूनं उभा आहे. १७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात भूकंप झाला. ज्यांनी हादरे स्वतः सोसले आणि ज्यांनी हजारो मैलांवर अटलांटात नुसती बातमी ऐकली, अशा दोघांच्याही आठवणी लिहून घेतल्या. दीड वर्षानं पाहिलं तर सोसणाऱ्यांचं सांगणं जवळपास जसंच्या तसं होतं. ऐकणाऱ्यांचं बरंच बदललं होतं.

विदर्भात याला एक दुखरं उदाहरण आहे. २३ नोव्हेंबर १९९४, बुधवार. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं. आदिवासी म्हणून मान्यता मिळावी यासाठी गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, त्यात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले, त्यांत बाया आणि लेकरं पुष्कळ. सीताबर्डीत झिरो माइलजवळ स्मारक आहे, शेजारच्या उड्डाणपुलालाही गोवारी शहिदांचं नाव आहे. मोर्चात असलेली बाई आज सांगते ती आठवण आणि तिच्या गावात संध्याकाळी बातमी ऐकणाऱ्याची आठवण, या दोन जातीच्या गोष्टी आहेत. वहीत त्या वेगळ्याच लिहाव्यात.

तरी एक सावधगिरी. भोगणाऱ्याला स्वतःचा हात, स्वतःचं लेकरू, स्वतःभोवतीची दोन हातांची जागा पक्की आठवते. किती लोक होते, मागं काय झालं, आधी काय आणि मग काय, हे त्यालाही नंतरच कळलेलं असतं. जीव वाचवताना माणूस डोकी मोजत नाही. त्याच्याकडून आकडे मागू नयेत.

न पाहिलेलं पाहिल्यासारखं

४ ऑक्टोबर १९९२ ला ॲमस्टरडॅममध्ये मालवाहू विमान एका उंच इमारतीवर कोसळलं. कोसळतानाचं चित्रीकरण कोणाकडेच नव्हतं. दहा महिन्यांनी १९३ जणांना विचारलं, विमान इमारतीवर आदळतानाची फिल्म टीव्हीवर पाहिली का? १०७ जण म्हणाले, पाहिली. नंतरचा ढिगारा पाहिलेला, प्रसंग ऐकलेला आणि प्रश्नच असा की फिल्म आहे हे गृहीत धरलेलं. उरलेलं डोक्यानं भरून काढलं.

आता मोबाइलमुळे न केलेलं चित्रीकरणही पाहायला मिळतं. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात ४० जवान गेले, त्यांत दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. त्या रात्रीपासून व्हॉट्सॲपवर जे स्फोटाचे व्हिडिओ फिरले त्यांत परक्या देशातले, वर्षानुवर्षं जुने व्हिडिओ पुलवामाचे म्हणून पाठवलेले होते. ज्यानं तेव्हा ते पाहिले तो २०५० साली नातवाला सांगेल, “मी पाहिला तो स्फोट.” आणि शपथेवर सांगेल.

रेकॉर्डिंगला बसताना

वेळ सकाळी सात ते नऊ. उन्हाळ्यात तर नक्कीच, कारण नऊनंतर कूलर लागतो आणि कूलरच्या घरघरीत म्हाताऱ्या आवाजातले शेवटचे शब्द हमखास जातात. पंखाही बंद. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं आणि ते पुढं अर्ध्या तासानं लक्षात येतं. फोन बाजेवर नको, हलते. स्टुलावर घडी घातलेला दुपट्टा, त्यावर फोन, तोंडापासून हातभर अंतरावर. आधी दोन मिनिटं करून परत ऐका. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, सांगणाऱ्याचं नाव-वय आणि जवळ कोण-कोण बसलंय ते बोला. हे कुठं छापणार, कोण ऐकणार, ते आधी सांगून हो म्हणवून घ्या. पाऊण तासाच्या वर ताणू नका.

जवळ कोणी नसलं तर उत्तम. घरचे मध्ये पडतातच. सूनबाई चहा ठेवता ठेवता म्हणतात, “मामंजी, तुम्ही तर म्हणत होते, पोस्टमननं सांगतलं,” की मामंजी मान हलवतात आणि पोस्टमन कायमचा आत बसतो. घरच्यांचं म्हणणं नंतर वेगळं घ्या. दोन मित्रांना एकत्र बसवलं तर गप्पा रंगतात, पण दोघांची मिळून एकच आठवण हाती येते. आधी एकेकटे, मग हवं तर पारावर.

पहिला प्रश्न उघडा ठेवा: “त्या दिवसाचं सकाळपासून सांगा.” मग गप्प बसा. थांबले तर मनात दहा मोजा. बहुतेक वेळा सात-आठला ते पुढं बोलतात. सगळं सांगून झालं की मग ते सहा प्रश्न, जे राहिले असतील तेवढेच.

प्रश्नात उत्तर घालायचं नाही. फरक पाहा.

“आबाजी, तुम्ही रेडूवरच आइकलं असन ना?”
“हो, रेडूवरच.”

आणि असं विचारलं तर:

“आबाजी, तुमाले कसं कयलं?”
“…मास्तर आला होता. टेशनाहून. त्यानं सांगतलं.”

एका शब्दानंही काम बिघडतं. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९७४ च्या प्रयोगात पोरांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. ५० जणांना विचारलं, गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या ५० जणांना, ‘लागल्या’ तेव्हा किती? आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? ‘आदळल्या’वाल्यांपैकी १६ जण हो म्हणाले, ‘लागल्या’वाल्यांपैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

दर तपशिलाला एक जोडप्रश्न ठेवा: “हे तुम्ही स्वतः पाहिलं, का मागून कोणी सांगितलं?” पण एकदाच. तोच प्रश्न तीनदा विचारला की म्हातारं माणूस समजतं, आपलं चुकलं, आणि तुम्हाला बरं वाटेल ते सांगतं. तोंडावर दुरुस्ती तर मुळीच करू नका. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कोणाला पाठवून तेच सहा प्रश्न विचारा आणि दोन्ही रेकॉर्डिंग ठेवा.

काही जागी लोक गप्प होतात. गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्या गावांनी ते पाहिलं तिथं ३० जानेवारीची आठवण भरभरून येते आणि ३१ जानेवारीला गोष्ट आखडते. ते विसरणं नव्हे. खोदू नका, ‘इथं थांबले’ एवढं लिहा.

पडताळा कशाशी घ्यायचा

पहिल्यांदा वयाशी. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं माणसाला आठवत नाही, आणि सात वर्षांपर्यंतचं तुटक-तुटक. १९४८ चं सांगणारा १९४६ चा जन्म असेल तर ती आईची आठवण त्यानं दत्तक घेतली आहे. आधार कार्डावर जाऊ नका. १ जून ही जन्मतारीख मास्तरांनी दिलेली असते, निम्मा महाराष्ट्र त्याच दिवशी जन्मला आहे. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर किंवा कोतवाल बुकाची नक्कल मिळाली तर जास्त भरवशाची.

मग साधनांशी. नागपूरचं रेडिओ केंद्र सुरू झालं जुलै १९४८ मध्ये. गांधीहत्या ‘नागपूर रेडिओवर’ ऐकली हे होऊच शकत नाही, दुसरं केंद्र लागत असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेही रेडिओ ज्याच्या घरी होता त्याच्याकडे. खेड्यात तेव्हा बातमी यायची ती रेल्वे स्टेशनावरून, तारेनं, मास्तरकडून किंवा कोतवालाच्या दवंडीतून, आणि बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी. राजीव गांधींची हत्या २१ मे १९९१ च्या रात्री दहानंतरची. अंगणात बाजा टाकून निजलेल्या बहुतेक गावाला ती २२ तारखेच्या सकाळीच कळली असणार.

माणसांच्या जाण्यायेण्याशीही. गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राममधून गेले ते परत आलेच नाहीत. “मरायच्या आधी दोन महिने बापूला आश्रमात पाहिलं” यात दोन महिने चुकलेत, पाहिलेलं चुकलं असेलच असं नाही.

जोडून आलेल्या घटना फार फसवतात. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला आणि गाडगेबाबा गेले २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला. बरोबर चौदा दिवसांचं अंतर, दोन्ही गुरुवार, दोन्हीकडे थंडी, दोन्हीकडे वेचणीचे दिवस. अमरावतीकडच्या साक्षीत एका मरणाचा तपशील दुसऱ्याला चिकटलेला मिळाला तर नवल नाही. “कुठं गेला होता दर्शनाला?” एवढं विचारलं की बहुधा सुटतं, कारण वलगावला जाणं आणि मुंबईला जाणं यांची वाट वेगळी.

मग चुकलेली आठवण ठेवायची कशाला?

कारण चूकही काही सांगते. एखादी आजी गांधीहत्या ‘नागपूर रेडिओवर’ ऐकली म्हणते, तेव्हा १९४८ बद्दल काही कळत नाही, पण पुढच्या काळाबद्दल कळतं: नेहरू, शास्त्री, इंदिरा, सगळी मोठी मरणं तिच्या घरात त्याच खोक्यातून आली, म्हणून पहिलं मरणही त्याच खोक्यात जाऊन बसलं. हे कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडणार नाही.

वहीत तीन रकाने आखा. डावीकडे त्यांचे शब्द, त्यांच्याच बोलीत, ‘सोंगनं’ला ‘कापणी’ न करता. मधे पडताळ्यात जे निघालं ते: तारीख, वार, पीक, बाजार. उजवीकडे तुमचा अंदाज, चूक कुठून आली असेल याचा.

पुढच्या वेळेसाठी, कारण पुढची वेळ येतेच, अर्धं पान पुरे. बातमी आल्यावर २४ तासांत, टीव्ही फार पाहायच्या आधी, ते सहा प्रश्न स्वतःलाच विचारून लिहा. प्रत्येक ओळीपुढं एक अक्षर टाका: पाहिलं असेल तर ‘पा’, कोणी सांगितलं असेल तर ‘ऐ’, फोनवर आलं असेल तर ‘फो’. कागदाचा फोटो काढून दुसऱ्या कोणाच्या फोनवरही ठेवा, एकाच मोबाइलवर ठेवलेलं मोबाइलबरोबर जातं. आणि पाच वर्षांनी तो कागद काढाल तेव्हा आधी आठवतं ते वेगळ्या पानावर लिहून काढा, मगच घडी उघडा. उलटं केलं तर काही कळणार नाही.